परातीतले कंप्युटर

या, जरा पुढे सरका. तिकडे खांबाआड बसलात तर माझा आवाज पोचणार नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. हात जोडून बसा, पाय पसरून बसा, देवाला दोन्ही चालतं. आज एका शाळेच्या खोलीची गोष्ट सांगतो, एका सुनेची, आणि तिच्या सासऱ्यांनी जीव लावून घातलेल्या घोळाची. शेवट गोड आहे हे आधीच सांगून ठेवतो. मधेच कुणी डोळे पुसायला पदर शोधू नका.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि हलायचं नाव घेईना. विहिरींनी तळ दाखवला. पाणीच नाही म्हटल्यावर पंप फिरवून काय वारा घ्यायचा? पंप फिरले नाहीत म्हणून जळले नाहीत, आणि जळले नाहीत म्हणून आबांच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. आबा म्हणजे मोटारवाले. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं, हे त्यांचं आयुष्य. बोटांच्या टोकांवर तारेच्या रेघा कोरल्यासारख्या उमटलेल्या. आता दिवसभर दारात बसून त्या रेघा बघायच्या आणि भजनाची चाल गुणगुणायची. मुलगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी यायचा तो झोपायलाच. घर चाललं होतं सुनेवर.

सून शाळेत कंप्युटर शिकवायची. कायमची नव्हे, दर वर्षी नव्याने नेमलेली. गावात तिला बटणबाई म्हणत. समोर नाही, पण ऐकू येईल इतक्याच अंतरावरून.

शाळेच्या मागच्या खोलीत डझनभर कंप्युटर होते, कुणीतरी वापरून झाल्यावर दान केलेले. कोपऱ्यात त्याहून जुने, दुसऱ्याच कंपनीचे, कायमचे मेलेले चार पडले होते. यंदा दानातल्या कंप्युटरांचंही लायसन संपलं. सुरू केला की काळी स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं, लायसन आणा. तरी चालवला तर थोड्या वेळाने आपोआप बंद. पोरं निबंध लिहीत आणायची आणि शेवटच्या ओळीला सगळं गडप. शेपटी नावाची एक मुलगी होती, वेणी कमरेखाली म्हणून शेपटी. तिचं तिसऱ्यांदा गेलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, हा कंप्युटर वाचतो आणि नापास करतो का हो?"

एके सकाळी मोठ्या सरांनी सूनबाईला बोलावलं. मोठे सर वाईट नव्हते, घाबरट होते. खोलीतल्या जादा खुर्चीवर फायली ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे ती नेहमीसारखी उभीच राहिली. बसायच्या खुर्चीवर मात्र लायसन विकणाऱ्या कंपनीचा एजंट बसला होता. गळ्यात टाय, कपाळावर घाम, हातात चहा.

"शनिवारी तपासणीच्या मॅडम येणार," मोठे सर म्हणाले. "कंप्युटर चालत नसतील तर खोली बंद. सामान भंगारात. मुलांनी तालुक्याच्या शाळेत जायचं, परीक्षाही तिथेच."

"मुलींना कोण पाठवणार सर तिकडे? बस एकच. परत यायला अंधार पडतो."

"ते मला कळतं हो. पण माझ्या हातात काय आहे?"

"आणि माझं?"

मोठ्या सरांनी फायलींकडे पाहिलं. खोली नाही तर खोलीतली बाई कशाला, हे त्यांना तोंडाने म्हणवेना.

एजंट म्हणाला, "सोपं आहे बाई. नवं लायसन घ्या. नाहीतर नवे कंप्युटर घ्या, त्यात लायसन आलंच."

"शाळेत खडू नाही," सूनबाई म्हणाली. "मी म्हणते, लिनक्स टाकू. कंप्युटर चालवायची दुसरी प्रणाली, ओपन सोर्स आहे. लायसन लागतच नाही."

एजंट हसला. चहा सांडला थोडा टायवर. "बाई, फुकटचं म्हणजे एकतर चोरीचं असतं नाहीतर सडकं. सर, उद्या केस झाली तर सही तुमची आहे."

केस म्हटल्यावर मोठ्या सरांचा चेहराच उतरला. "बाई, नको ते उद्योग..."

"चोरीचं नाही सर. ज्यांनी केलंय त्यांनीच लिहून ठेवलंय, घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. चोर कधी दारात पाटी लावतो का, या आणि न्या म्हणून?"

बाहेर व्हरांड्यात पोरं खिडकीला चिकटली होती, ती फिदीफिदी हसली. मोठे सर खेकसले, पोरं पांगली. मग ते हळूच म्हणाले, "एक करून दाखवा. एकच. जमलं तर पुढचं बघू."

घरी हात धुऊन सगळे ताटावर बसले तेव्हा तिने हे सांगितलं. सासूबाई वाढत होत्या. त्यांच्या हातात डाव असला की जिभेलाही धार यायची.

"फुकट? फुकट म्हणजे काय? मला भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी आधी देठ बघते."

"आई, लोकांनी मिळून केलंय. जगभरातल्या. कुणी एक तुकडा लिहिला, कुणी दुसरा. ज्याला चूक सापडते तो दुरुस्त करतो आणि दुरुस्त केलेलं परत सगळ्यांना देतो."

"आणि पोट कशावर भरतात?"

"दुसरी कामं करतात ना. हे आवडीने."

"म्हणजे रिकामटेकडे."

आबा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी घास थांबवला. "देवळात आपण म्हणतो त्या भजनाची चाल कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांची."

"मी त्यात मधला आलाप घातला. कुणी लायसन मागितलं? पलीकडच्या गावच्या मंडळींनी तो उचलला, वर टाळी वाढवली. मी भांडायला गेलो?"

"तुमचा आलाप नसता घेतला तर देवाने त्यांना जास्त आशीर्वाद दिला असता."

सूनबाईला ठसका लागला. पाणी प्यायली, पुन्हा हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात जेवताना कुणी हसलं होतं. आबा म्हणाले, "कर तू. कुणी विचारलं तर सांग, भजनासारखं आहे."

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला गेली. जिथे ती शिकली त्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून पेन ड्राइव्ह भरून आणला. धुळीच्या वाऱ्यात येताना तो रुमालात गुंडाळून पदराच्या गाठीत बांधला होता. परत आल्यावर मोठ्या सरांच्या देखत एका कंप्युटरला लावला. सर उभे राहून पंख्याने वारा घेत होते. स्क्रीनवर एक रेघ भरत गेली, भरत गेली, थांबली, पुन्हा भरली. मग स्क्रीन उजळली. लायसन नाही, काळं तोंड नाही. ती उभ्या उभ्याच लिहू लागली, लिहीत राहिली, तरी बंद पडेना.

"पडला का बंद?" मोठे सर दर थोड्या वेळाने डोकावून विचारत.

"नाही सर."

"अजून?"

"अजूनही नाही."

शेवटी त्यांनी आपल्या खोलीतल्या जादा खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलून टेबलावर आदळल्या, आणि खुर्ची आत आणून तिच्याकडे सरकवली. "बसून करा. बाकीचेही करा."

दोन दिवसांत सगळ्यांमध्ये लिनक्स गेलं. पण कंप्युटर म्हातारे. आत वर्षानुवर्षांची धूळ, पंखे जाम, चार ओळी लिहिल्या की अंगात ताप भरून थंड पडायचे. तिने आबांना विचारलं, "आबा, एवढी धूळ काढून द्याल? हवा मारायचा पंप आहे ना तुमचा?"

आबांना कुणी काम सांगितलं होतं! ते ताडकन उठले, डोक्याला फडकं बांधलं, सासूबाईंना म्हणाले, "चल, तूही चल, धूळ झाडायला तुझ्याइतकं कोण आहे." शुक्रवारी सुट्टी होती. खोलीची किल्ली आबांच्या हातात देऊन सूनबाई वाड्या-वस्त्यांवर निघाली. आईबापांनी शनिवारी शाळेत यावं, मुली इथेच परीक्षेला बसाव्यात असं मॅडमपुढे तोंडाने बोलावं, म्हणून ती दारोदार फिरली. ऊन असं की चपलेतून चटका लागे. एका घरी बाप म्हणाला, "आमची पोरगी बटणं दाबून काय करणार?" ती म्हणाली, "तुम्ही मोबाइलवर पावसाचं बघता ते काय करता?" आई आतून म्हणाली, "येतो आम्ही."

दुपार कलल्यावर ती शाळेत परतली. टाचा भेगाळलेल्या, घसा कोरडा. खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो.

सतरंजीवर घरातल्या सगळ्या पराती मांडलेल्या होत्या. एका परातीत सगळ्या हार्ड डिस्क. एकीत रॅमच्या पट्ट्या, लखलखीत. एकीत पंखे, धुऊन, उन्हात वाळवून. तारांच्या जुड्या रंगाप्रमाणे बांधलेल्या. भिंतीशी कंप्युटरचे डबे, पोटं उघडी, आत काही नाही. कोपऱ्यातले चार मेलेलेही आबांनी सोडले नव्हते. त्यांचंही सगळं परातीत.

सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "बघ, आरशासारखं केलंय."

"कुठलं कशातलं आहे?" सूनबाईने विचारलं.

"म्हणजे?" आबा म्हणाले.

"ही डिस्क कुठल्या कंप्युटरची? ही? ही?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग परातीकडे. मोटारीच्या कामात ते असंच करायचे. हंगाम संपला की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उघडायच्या, बेअरिंग एका घमेल्यात, टोप्या दुसऱ्यात, आणि भरताना ज्याला जे माप बसेल ते बसवायचं. घराणं कुणी बघत नाही, माप बघतात. उभ्या जन्मात त्यांना कुणी विचारलं नव्हतं की ही टोपी कुठल्या मोटारीची.

"आबा! उद्या मॅडम येणार आहेत!" तिचा आवाज चिरकला. त्या घरात आल्यापासून ती सासऱ्यांवर पहिल्यांदा ओरडली. "मी धूळ काढा म्हटलं होतं, पोट फाडा नाही! कंपनीचं सील होतं प्रत्येकाला. एजंट येईल आणि म्हणेल..." ती तिथेच सतरंजीवर बसली आणि तिने तोंड पदरात लपवलं.

आबांचे हात लोंबत राहिले. डोक्याचं फडकं सोडून त्यांनी त्याची उगाचच घडी घातली.

सुनेला कधी उगाच चांगलं न म्हणणाऱ्या सासूबाईंनी आबांवर तोंड सोडलं. "मी म्हणत होते, चिठ्ठ्या लावा! तर म्हणे मोटारीला कुणी चिठ्ठी लावतं का. लग्नात चपला हरवल्या तर ज्याच्या पायात जी जाईल ती घालून येणारा माणूस हा!"

पदराच्या आत सूनबाई एकदम थांबली. तोंड वर केलं. डोळे ओले, पण नजर दुसरीकडेच.

"आई, काय म्हणालात?"

"चपला म्हटलं."

"एजंटचं होतं ते डब्याला बांधलेलं असायचं," ती स्वतःशीच पुटपुटली. "लायसन डब्याचं. डिस्क दुसऱ्या डब्यात घातली की रुसायचं. पण हे तर कुणाच्याच मालकीचं..." ती गुडघ्यांवर सरकत परातीशी गेली. "आबा, एक डिस्क द्या. कुठलीही. आणि एक डबा. कुठलाही."

आबांनी डिस्क बसवली. तिने रॅमची पट्टी खाचेत घातली, तारा लावल्या, बटण दाबलं. कंप्युटरने कर्कश शीळ घातली. पुन्हा. पुन्हा.

"रडतोय," सासूबाई म्हणाल्या.

आबांनी न विचारता हात घातला. पट्टी अर्धीच बसली होती. अंगठ्याने दाबली, टक्क आवाज झाला. ती बटणाकडे बघत राहिली, हात पुढे होईना. सासूबाईंनीच बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन राखाडी झाली. आबांच्या ओठांवर देवाचं नाव होतं, आवाज नव्हता. मग स्क्रीन निळसर उजळली, आणि कंप्युटर असा जागा झाला जसा तो त्याच डब्यात जन्मला होता.

सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "तो कोपऱ्यातला. दुसऱ्या कंपनीचा. त्याला लावा बघू."

"तो मेलाय ना?"

"त्याची डिस्क मेलीय आबा. बाकीचं कुणी बघितलंय?"

त्याच्या पट्ट्या वेगळ्या खाचेच्या होत्या, त्या आबांच्या बोटांनी परातीतून बरोबर निवडल्या. डिस्क मात्र आत्ता चाललेल्यातलीच काढून घातली. परक्या घरात पाहुणी आली, दाराशी थोडी थबकली, आणि आत येऊन बसली. चालू झाला! वर्षानुवर्षं ज्याच्यावर पोरं दप्तरं ठेवत होती, तो!

"आता बोला," आबा म्हणाले. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण ताणलं.

"बोलते ना," सासूबाई म्हणाल्या. "अक्कल नव्हती म्हणून झालं. असती तर चिठ्ठ्या लावल्या असत्या आणि हे कळलंच नसतं."

दिवेलागणीच्या आत दानातले सगळे उभे राहिले. सासूबाई फडक्याने पुसून देत, सूनबाई तारा लावी, आबा स्क्रू आवळत आणि आपला तो आलाप घेत. दोघी एकमेकींकडे बघून हसू दाबत. डिस्क सगळ्यांना पुरल्या नाहीत, तरी जुन्या चारांतले दोन जिवंत झाले, मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवरच आलटून पालटून चालू लागले. खोलीत आजवर होते त्यापेक्षा जास्त कंप्युटर झाले.

शनिवारी मॅडम आल्या. बारीक, उन्हाने रापलेल्या, रुमालाने मान पुसत. मागे एजंट, टाय नवा. व्हरांड्यात आईबाप उभे, काही उन्हातच. मोठ्या सरांचा घसा बसला होता, ते नुसते हाताने रस्ता दाखवत होते.

मॅडम खोलीभर फिरल्या. "चालतात?"

"चालतात," सूनबाई म्हणाली.

मुलं लिहीत होती, चित्रं काढत होती. मॅडमनी कुणाच्या खांद्यावरून पाहिलं, कुणाला एक बेरीज करायला सांगितली, कुणाला वाक्य पुसायला. सगळं झालं. कुठलीच स्क्रीन काळी पडली नाही.

एजंट वाकून डबे बघत होता. "मॅडम, सील तोडलंय. प्रत्येकाचं! आतलं काय कुठे गेलंय देव जाणे. फुकटचं टाकलंय. उद्या एक बंद पडला तर ह्या बाई कुणाला फोन करणार?"

मॅडम सूनबाईकडे वळल्या. "प्रश्न बरोबर आहे. बंद पडला तर?"

सूनबाईने शेपटीकडे पाहिलं. शेपटी उठली. लिहीत होती ते जतन केलं, कंप्युटर बंद केला, वेणी मानेभोवती गुंडाळून घेतली, वाकली आणि डब्याचं झाकण काढून डिस्क बाहेर काढली. आईबापांमध्ये कुजबुज झाली. एजंट म्हणाला, "अरे अरे, शॉक लागेल!" ती डिस्क घेऊन ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथल्या डिस्क नसलेल्या बंद डब्यात बसवली, बटण दाबलं.

आता सांगतो, त्या वेळी त्या खोलीत जेवढी माणसं होती, सगळी एकाच श्वासावर उभी होती. मोठे सर डोळे मिटून. आबा दाराच्या चौकटीला धरून. हिचा निबंध गेला तर खोली गेली, पोरींची परीक्षा गेली, घराचं जेवण गेलं.

स्क्रीन उजळली. शेपटीने तिचा निबंध उघडला. शेवटच्या ओळीपर्यंत सगळा होता. ती मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, डबा बंद पडला तर असं करायचं. आम्हाला सगळ्यांना येतं, बाईंनी सकाळीच शिकवलंय."

"सगळ्यांना?"

मागून पोरंपोरी एकदम उठली. "मी दाखवू? मी दाखवू मॅडम?" बाकं सरकली, खुर्च्या आपटल्या. मॅडमनी हात वर केला, आणि पहिल्यांदा हसल्या. एजंटकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना फोन करायला लागणार नाही वाटतं." एजंटही काही राक्षस नव्हता, तोही हसला ओशाळून, आणि शेपटीला म्हणाला, "मला दाखव ना परत, कसं केलंस?"

व्हरांड्यातून आईबापांनी अशा टाळ्या पिटल्या की छपरावरची कबुतरं उडाली. आबांनी टाळ्यांचा ताल पकडला, त्यांना राहवेच ना. सासूबाईंनी त्यांना कोपर मारलं आणि मग स्वतःच वाजवू लागल्या.

मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, खोली राहील, परीक्षा इथेच होईल. मोठ्या सरांच्या घशातून एवढंच निघालं, "बाईंचं?" मॅडम म्हणाल्या, "बाई राहतीलच. पण ह्याच नाही, माझ्या हाताखालच्या सगळ्या शाळांत असे डबे पडलेत. उन्हाळाभर बाईंनी फिरायचं. आणि बरोबर..." त्यांनी आबांकडे बघितलं, "हे कोण?"

"मी धूळ काढतो," आबा म्हणाले.

"हे येतील. पराती घेऊन येतील," सूनबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आलंच.

गर्दी पांगली तेव्हा सासूबाई एका कंप्युटरपुढे बसल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. लहान वर्गांसाठी सूनबाईने त्यावर आपली भाषा लावून ठेवली होती. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला, "उघडा... जतन करा... चिकटवा... शोधा... मदत." थांबल्या. पुन्हा वाचलं. मग सुनेला म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या बोलण्यातलं आहे. हे कुणी लिहिलं?"

"माहीत नाही आई. कुणीतरी बसून एकेक शब्द लावला असेल. आपल्यासाठी."

"पैसे न घेता?"

"न घेता."

सासूबाईंनी बोटाने स्क्रीनवरचा तो 'मदत' शब्द हलकेच पुसला, जसं लेकराचं तोंड पुसावं.

तर मंडळी, गोष्ट इथे संपते. सूनबाईला तुम्ही विसरणार नाहीच, आबांचा आलाप तर कुणी विसरू देणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. जो कुणी, जी कुणी, कुठल्याशा खोलीत एकट्याने बसून आपल्या बोलण्यातले ते शब्द एकेक करून लावत होता, ज्याला आपलं गाव ठाऊक नाही आणि आपल्याला त्याचं नाव, त्याची आठवण ठेवा. घरी दिवा लावाल तेव्हा एक क्षण त्याच्यासाठी थांबा.